जुना ट्रॅक्टर : मालकी कोणाची, किल्ली कोणाकडे?

शेतकऱ्याच्या अंगणात उभा असलेला ट्रॅक्टर कोणाचा, हा प्रश्न वरवर पोरकट वाटेल. नोंदणीपुस्तकात ज्याचे नाव त्याचा ट्रॅक्टर, असे उत्तर कोणीही देईल. परंतु शेवटचा हप्ता फिटेपर्यंत त्या यंत्रावर वित्तसंस्थेचा बोजा असतो. ते बिघडले तर सुटा भाग केव्हा आणि कोणत्या भावाने मिळेल हे कारखानदार ठरवतो. आणि नव्या इलेक्ट्रॉनिक यंत्रात तर बिघाड नेमका कोठे आहे हे ओळखण्याची साधनेही कंपनीच्या अधिकृत केंद्रापाशीच राहू लागली आहेत. जे यंत्र मालकाला उघडता येत नाही, ज्याचा भाग गावच्या मिस्त्रीला बदलता येत नाही, त्यावरील मालकी कागदापुरतीच उरते. म्हणूनच जुन्या, कर्जमुक्त, गावात दुरुस्त होणाऱ्या ट्रॅक्टरचा आणि त्याला जोडून पेंढ्याच्या गाठी बांधणाऱ्या बेलरचा प्रश्न गॅरेजच्या दारात सोडून देण्याजोगा नाही. उत्पादनाच्या साधनावर कष्टकऱ्याचा ताबा किती, हा त्याचा गाभा आहे.

हा प्रश्न नवी मुंबईच्या संदर्भात का मांडावा, अशी शंका काहींना येईल. जेथे ८ ऑक्टोबर २०२५ रोजी आंतरराष्ट्रीय विमानतळाचे उद्घाटन झाले आणि त्याच वर्षीच्या डिसेंबरात विमाने उडू लागली, तेथे नांगरटीची आणि पेंढ्याची चर्चा कशाला? पण ज्या भूमीवर हे शहर उभे आहे ती भाताची आणि मिठागरांची भूमी होती, हे विसरून चालणार नाही. १९७० साली सिडकोची स्थापना झाली आणि ठाणे, पनवेल व उरण या तीन तालुक्यांतील ९५ गावांवर भूसंपादनाचे सावट आले. जमिनीच्या न्याय्य मोबदल्यासाठी दि. बा. पाटील यांच्या नेतृत्वाखाली शेतकरी उठला. १६ व १७ जानेवारी १९८४ रोजी उरण तालुक्यात झालेल्या गोळीबारात पाच जण हुतात्मे झाले, आणि त्या रक्तातून साडेबारा टक्के विकसित भूखंडाचे तत्त्व राज्यकर्त्यांना मान्य करावे लागले. पुढे २०१३ साली विमानतळाभोवतालच्या 'नैना' क्षेत्राचे नियोजनही सिडकोकडे गेले. इतके होऊनही पनवेल-उरणच्या गावांतून शेती पुरती हद्दपार झालेली नाही. पावसाळ्यात भात आणि त्यामागून वाल हा क्रम उरल्यासुरल्या तुकड्यांवर आजही चालू आहे. जमीन आक्रसली, मजुरी महागली, बैल गोठ्यातून गेले. म्हणून तर यंत्रावाचून या शेतकऱ्याचे पाऊल पुढे पडत नाही.

आता यंत्राचा हिशेब पाहावा. २०१५-१६ च्या कृषिगणनेनुसार महाराष्ट्रातील सरासरी धारणक्षेत्र १.३४ हेक्टर, म्हणजे सव्वातीन एकरांच्या आसपास आहे. शेती अभियांत्रिकीत ट्रॅक्टरचे आयुष्य रूढपणे दहा वर्षे किंवा दहा हजार तास धरतात. म्हणजे वर्षाला हजार तास काम मिळाले तर त्याची किंमत वसूल होते. सव्वातीन एकरांच्या भातशेतीत नांगरट, चिखलणी आणि वाहतूक मिळून शंभर तासही भरत नाहीत. उरलेले तास कोठून आणायचे? इतरांच्या शेतात भाड्याने जाऊन, किंवा विटा, माती, खडी वाहणाऱ्या ट्रॉलीला जुंपून. शेतीसाठी म्हणून घेतलेले यंत्र हप्ता फेडण्यासाठी बांधकामाच्या चाकरीला लागते, याचे मूळ या साध्या गणितात आहे. बेलरची गोष्ट तर याहून बिकट. कापणीनंतरचे मोजके आठवडे तो चालतो आणि वर्षाचे उरलेले दिवस छपराखाली उभा राहतो. एकट्या लहान शेतकऱ्याने नवा ट्रॅक्टर आणि नवा बेलर कर्जाने घेणे म्हणजे जमिनीचा सातबारा गहाण टाकून लोखंड विकत घेणे होय.

या कर्जाचे टोक कोठे जाते हे सप्टेंबर २०२२ मध्ये झारखंडच्या हजारीबाग जिल्ह्यात देशाने पाहिले. हप्ते थकलेल्या शेतकऱ्याचा ट्रॅक्टर वसुली करणाऱ्यांनी ओढून नेला आणि अडवायला धावलेली त्याची गर्भवती मुलगी त्याच चाकांखाली चिरडली गेली. रिझर्व्ह बँकेला संबंधित वित्तकंपनीच्या बाहेरच्या वसुलीदारांवर तात्पुरती बंदी घालावी लागली. बंदी काही महिन्यांत उठली. पण ज्या व्यवस्थेत अन्न पिकवण्याचे साधनच शेतकऱ्याच्या घरावर चालून येऊ शकते, ती व्यवस्था तशीच आहे. कर्ज फिटलेला, पंधरा-वीस वर्षांचा, रंग उडालेला ट्रॅक्टर या पार्श्वभूमीवर तुच्छ मानण्याची वस्तू राहत नाही. त्याच्यावर कोणाचा बोजा नसतो. त्याचा डिझेल पंप, क्लच आणि हायड्रॉलिक यांची रचना यांत्रिक असते. पाना, जॅक आणि जाणता हात एवढ्या भांडवलावर तो बहुतांशी उघडता येतो.

हे जुने ट्रॅक्टर आकाशातून पडलेले नाहीत. १९६३ साली मुंबईत इंटरनॅशनल ट्रॅक्टर कंपनीची स्थापना झाली आणि कांदिवलीच्या कामगारांनी ट्रॅक्टर घडवले. १९७१ पासून सार्वजनिक क्षेत्रातील एचएमटीने झेकोस्लोव्हाकियाच्या झेटरच्या सहकार्याने पिंजोर येथे उत्पादन सुरू केले. दुर्गापूरच्या सरकारी संशोधन संस्थेने संपूर्ण भारतीय बनावटीचा आराखडा तयार केला आणि त्यावरून पंजाब सरकारच्या पुढाकाराने उभ्या राहिलेल्या कारखान्यातून १९७४ साली 'स्वराज' बाहेर पडला. लोकांच्या पैशावर झालेले संशोधन लोकांच्या शेतापर्यंत पोचल्याचे हे उदाहरण होते. पुढे काय झाले? २००७ साली 'स्वराज'चा कारखाना खासगी उद्योगसमूहाच्या मालकीत गेला, आणि ऑक्टोबर २०१६ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने एचएमटीचा ट्रॅक्टर विभाग बंद करण्यास मंजुरी दिली. कामगारांच्या देण्यांचा विचार निदान कागदावर झाला. परंतु देशभरातील शेतांतून चालत असलेल्या हजारो एचएमटी ट्रॅक्टरांना सुटे भाग पुढे कोण पुरवणार, या प्रश्नाचे ओझे शेतकऱ्याच्या आणि बाजारातल्या लहान कारागिराच्या डोक्यावर आले. कारखाना बंद झाला तरी यंत्र चालतच असते, आणि ते चालते ठेवणाऱ्या मिस्त्रीचे नाव कोणत्याही ताळेबंदात लिहिले जात नाही.

यंत्र टिकवणे हे शास्त्र आहे, आणि कोकणच्या मातीत ते विशेष कसोटीचे शास्त्र आहे. येथे ट्रॅक्टर कोरड्या जमिनीवर चालत नाही. चिखलणीच्या वेळी लोखंडी पिंजऱ्याची चाके लावून तो गुडघाभर चिखलात उतरतो. चिखल आणि पाणी आसाच्या ऑइल सीलमधून आत शिरले की बेअरिंग आणि ब्रेक दोन्ही जातात. खाडीकाठच्या खारजमिनीतून बाहेर आलेले यंत्र त्याच दिवशी गोड्या पाण्याने धुतले नाही, तर गंज एका पावसाळ्यात पत्रा खातो. पावसाळी हवेत डिझेलच्या टाकीत पाणी धरते आणि ते फिल्टरखालच्या भांड्यातून वेळेवर काढले नाही तर पंप निकामी होतो. उन्हाळ्यात धूळ तेलाच्या एअर क्लीनरमध्ये साचते. ते तेल बदलण्याचा आळस केला की पिस्टन आणि लायनर झिजतात आणि इंजिन उतरवण्याची पाळी येते. काही रुपयांचे तेल आणि अर्ध्या तासाची मेहनत वाचवण्यापायी हजारोंचा खर्च अंगावर येतो, हे प्रत्येक मिस्त्री जाणतो. पण मशागतीचे तास नोंदवणारी वही किती ट्रॅक्टरांबरोबर असते? चालवणारा एक, मालक दुसरा आणि दुरुस्त करणारा तिसरा, अशी फारकत असेल तर यंत्र अकाली म्हातारे होते.

बेलरकडे वळण्यापूर्वी गवताच्या इतिहासाकडे पाहिले पाहिजे, कारण या प्रदेशात गवत ही निरुपद्रवी वस्तू कधीच नव्हती. मुंबईच्या तबेल्यांतील म्हशी जुन्या ठाणे जिल्ह्यातील गवतावर पोसल्या गेल्या. जमीनदार आणि व्यापारी त्या गवतावर गबर झाले आणि ते कापणारा वारली उपाशी राहिला. १९४५ साली गोदावरी व शामराव परुळेकर यांच्या नेतृत्वाखाली किसान सभेने ५०० पौंड गवत कापण्यासाठी अडीच रुपये मजुरीची मागणी केली आणि डहाणू-उंबरगाव भागात संप झाला. त्या ऑक्टोबरात तलवाडा येथे पोलिसांच्या गोळीबारात जेठ्या गांगड यांच्यासह पाच आदिवासी हुतात्मे झाले. शहराच्या पेल्यातल्या दुधामागे शेतमजुराचे कोणते शोषण दडलेले असते, हे त्या लढ्याने उघड केले.

तेव्हा बेलर येणार म्हणजे गवत कापणाऱ्याच्या आणि पेंढा बांधणाऱ्याच्या पोटावर पाय येणार काय, ही शंका रास्त आहे आणि तिला बगल देता कामा नये. यंत्राने वाचवलेले श्रम कोणाच्या खिशात जातात, यावर तिचे उत्तर अवलंबून आहे. बाहेरचा ठेकेदार बेलर घेऊन आला, पेंढा मातीमोल भावाने उचलून तबेल्यांना चढ्या दराने विकून गेला, तर मजुराचे काम जाते आणि शेतकऱ्याच्या हातीही काही उरत नाही. तोच बेलर गावातील लहान शेतकरी आणि शेतमजूर यांच्या संयुक्त मालकीचा असेल, तर चालक, गाठी उचलणारे आणि साठवण पाहणारे हात गावचेच राहतात, आणि दाबलेली गाठ कमी जागेत रचता येत असल्याने वैरणीला भाव येईपर्यंत थांबण्याची ताकद मिळते. एकच यंत्र पहिल्या व्यवस्थेत लुटीचे हत्यार ठरते आणि दुसऱ्या व्यवस्थेत आधार होते.

अर्थात बेलर हे ट्रॅक्टरपेक्षा नाजूक यंत्र आहे. भाताच्या पेंढ्यात सिलिका असते. तो पेंढा उचलणारे दात आणि कापणारी पाती घासत राहतो. चौकोनी गाठी करणाऱ्या बेलरमधील दोरीची गाठ मारणारी यंत्रणा धुळीने अडली की गाठी सुटतात आणि दिवस वाया जातो. ओल असलेला पेंढा दाबला तर गाठ आतून तापते, बुरशी धरते, आणि आगीचा धोकाही असतो. या यंत्रात एक बोल्ट मुद्दाम कमजोर ठेवलेला असतो. भार वाढला की तो तुटावा आणि गिअरबॉक्स वाचावा, अशी योजना असते. तो वारंवार तुटतो म्हणून वैतागून त्या जागी भक्कम बोल्ट घालणारे पुष्कळ आहेत. मग पुढच्या अडथळ्याला गिअरबॉक्सच फुटतो. असे यंत्र विकणाऱ्याने ही एक गोष्ट मराठीत छापून दिली असती, तर कितीतरी बेलर भंगारात जाण्यापासून वाचले असते.

आणि यंत्राआधी माणूस वाचला पाहिजे. ट्रॅक्टरमागचा फिरता दांडा मिनिटाला ५४० फेरे घेतो. धोतराचा सोगा, साडीचा पदर किंवा सैल बाही त्यात अडकली तर हात मागे घ्यायला वेळच मिळत नाही. जुन्या यंत्रांवरील दांड्याचे आवरण बहुधा तुटलेले किंवा काढून टाकलेले असते. अडकलेला पेंढा यंत्र चालू ठेवून हाताने ओढण्याची घातक सवय सर्वत्र दिसते. कारखान्यातील कामगाराने लढून यंत्रावर संरक्षक जाळी बसवून घेतली. शेतातील कामगाराला ती कोण देणार? जुने यंत्र राखण्याचा पुरस्कार करणाऱ्यांनी त्यावरील आवरण पहिल्या दिवशी बसवावे, मगच इंजिनाकडे पाहावे.

शासनाचे धोरण या बाबतीत कोठे उभे आहे? कृषी यांत्रिकीकरणाच्या योजनांतून ट्रॅक्टर आणि अवजारे विकत घेण्यासाठी ठरावीक मर्यादेपर्यंत साधारण ४० ते ५० टक्के अनुदान दिले जाते. भाड्याने अवजारे देणाऱ्या केंद्रांनाही साहाय्य मिळते. २२ सप्टेंबर २०२५ पासून ट्रॅक्टर आणि बेलरवरील वस्तू व सेवा कर १२ टक्क्यांवरून ५ टक्क्यांवर आला. ट्रॅक्टरचे टायर आणि सुटे भाग यांवरील कर १८ टक्क्यांवरून ५ टक्के झाला, ही त्यातली खरोखर उपयोगाची गोष्ट. परंतु अनुदानाचा सारा रोख नव्या यंत्राच्या विक्रीवर आहे. जुन्या ट्रॅक्टरचे इंजिन उतरवून पुन्हा बांधायचे असेल, बेलरची गाठयंत्रणा बदलायची असेल, तर शेतकरी एकटा असतो. सरकारी तिजोरीतून निघालेला पैसा शेतकऱ्याच्या नावावर जमा होतो आणि विक्रेत्याच्या गल्ल्यात जाऊन थांबतो. हेच अनुदान दुरुस्तीला मिळाले, तर त्यातील मोठा वाटा गावच्या आणि तालुक्याच्या कारागिराच्या मजुरीत जाईल.

भीतीचेही एक राजकारण असते. दहा वर्षांनंतर ट्रॅक्टर सक्तीने भंगारात काढणार, अशी वदंता पसरली तेव्हा केंद्र सरकारला २०२३ च्या प्रारंभी खुलासा करावा लागला की ट्रॅक्टरची प्रारंभिक नोंदणी पंधरा वर्षांची असते आणि पुढे पाच-पाच वर्षांसाठी तिचे नूतनीकरण होऊ शकते. हा खुलासा गावोगाव पोचला पाहिजे. कारण भंगाराच्या भीतीने चांगला ट्रॅक्टर कवडीमोलाने विकून नव्याचे कर्ज डोक्यावर घेणारा शेतकरी दलालाच्या सोयीचा असतो.

दुरुस्तीच्या हक्काची चर्चा आता जगभर सुरू आहे. अमेरिकेत बड्या ट्रॅक्टर कंपन्यांनी दुरुस्तीचे संगणकीय ज्ञान स्वतःच्या विक्रेत्यांपुरते राखून ठेवले, तेव्हा तेथील शेतकरी झगडला. कोलोरॅडो राज्याने २०२३ साली शेतीयंत्रांच्या दुरुस्तीच्या हक्काचा कायदा केला आणि तो १ जानेवारी २०२४ पासून लागू झाला. जानेवारी २०२५ मध्ये तेथील संघीय व्यापार आयोगाने जॉन डीअर कंपनीवर याच कारणासाठी दावा लावला. भारतात जुलै २०२२ मध्ये ग्राहक व्यवहार विभागाने समिती नेमली आणि तिने निवडलेल्या क्षेत्रांत शेतीची यंत्रे होती. त्याच वर्षी एक संकेतस्थळही सुरू झाले. संकेतस्थळाने बोल्ट सुटत नाही. १ जानेवारी २०२३ पासून ५० अश्वशक्तीहून मोठ्या ट्रॅक्टरांना उत्सर्जनाचे नवे निकष लागू झाले आहेत आणि त्यांच्याबरोबर इलेक्ट्रॉनिक इंधनयंत्रणा शेतात उतरली आहे. आपल्याकडे लहान यांत्रिक ट्रॅक्टरांची बहुसंख्या आहे तोवरच या हक्काला कायद्याचे बळ मिळवले पाहिजे; कुलूप बसल्यावर किल्ली मागण्यात अर्थ नाही.

जुने ते सारे सोने, असा याचा अर्थ काढू नये. काळा धूर ओकणारा, वंगण पिणारा, ब्रेक न लागणारा ट्रॅक्टर चालवणे हे काटकसरीचे लक्षण नाही. ते चालकाच्या आणि वाटसरूच्या जिवाशी खेळणे आहे. धूर बहुधा वयाचा नसून दुर्लक्षाचा असतो. पंप आणि नोझल तपासून घेतले, एअर क्लीनर साफ ठेवला तर जुने इंजिनही बरेच स्वच्छ चालते. ज्याची चौकट तडकली, ज्याचे भाग कोठेच मिळत नाहीत, ते यंत्र मोडीत काढून त्याचे चांगले भाग दुसऱ्या यंत्राला वापरणे हेच शहाणपण.

आता नवी मुंबईकडे परत यावे. या शहरापाशी एक संपत्ती आहे, जी अनेक ग्रामीण जिल्ह्यांना हेवा वाटावी अशी आहे. ठाणे-बेलापूर पट्ट्यात आणि तळोज्यात लेथवर आयुष्य घालवलेले कामगार आहेत. कळंबोलीत लोखंड-पोलादाचा बाजार आणि अवजड वाहने दुरुस्त करणारे हात आहेत. औद्योगिक प्रशिक्षण संस्थांत 'मेकॅनिक ट्रॅक्टर' हा अभ्यासक्रम मान्यताप्राप्त आहे. ज्यांच्या बापजाद्यांची जमीन या कारखान्यांखाली गेली, तीच मुले आज तेथे कंत्राटी म्हणून राबत आहेत. न मिळणारा भाग घडवून देणारा कामगार आणि त्या भागावाचून अडलेला शेतकरी पंधरा-वीस किलोमीटरच्या परिघात राहतात. त्यांची गाठ मात्र पडत नाही. शेतकरी-कामगार ऐक्याची घोषणा सभेत देणे सोपे असते. तिला लेथवर आणि शेताच्या बांधावर रूप देण्याची संधी येथे आहे.

कार्यकर्त्यांपुढील काम स्पष्ट आहे. गावागावांत ट्रॅक्टर, पॉवर टिलर आणि बेलर किती, कोणत्या बनावटीचे, चालू किती आणि बंद किती, याची यादी करावी. दहा-पंधरा लहान शेतकऱ्यांनी एकत्र येऊन एक तपासून घेतलेला जुना ट्रॅक्टर आणि एक बेलर सामाईक घ्यावा. 'सर्वांचे ते कोणाचेच नाही' या रोगाने अशा अनेक सामाईक मालमत्ता बुडाल्या आहेत. म्हणून एक प्रशिक्षित, पगारी चालक, तासांची उघडी वही, प्रत्येक तासामागे दुरुस्तीनिधीत ठरलेली रक्कम, आणि पाळी ठरवताना वशिल्याला मज्जाव, एवढे नियम पहिल्या दिवशी लिहून काढावेत. निवृत्त कामगारांना दर पावसाळ्यापूर्वी दुरुस्ती शिबिरांसाठी बोलवावे. आणि शासनाकडे चार मागण्या लावून धराव्यात: अनुदान दुरुस्तीलाही मिळावे, कंपन्यांनी विक्री थांबवल्यानंतरही किमान पंधरा वर्षे सुटे भाग पुरवावेत, दुरुस्तीची पुस्तिका मराठीत आणि बिघाड शोधण्याची साधने कोणत्याही मिस्त्रीला रास्त दरात मिळावीत, आणि फिरत्या दांड्याचे आवरण जुन्या यंत्रांना मोफत बसवून द्यावे.

१ एप्रिल १९५७ च्या कृषकदिनी कुळाला जमिनीचा मालक मानणारा कायदा प्रत्यक्षात आला, तो काही आपोआप आला नाही. अलिबाग तालुक्यातील चरीच्या शेतकऱ्यांनी १९३३ पासून सहा वर्षे जमिनी पडीक ठेवून संप केला होता, अशा त्यागावर तो उभा आहे. कसेल त्याची जमीन हे तत्त्व त्या पिढीने मिळवले. पण जमीन कसणारे साधन दुसऱ्याच्या कुलपात असेल तर ते तत्त्व अर्धेच राहते. आज पनवेल-उरणच्या अंगणांत थांबून राहिलेला प्रत्येक जुना ट्रॅक्टर त्या उरलेल्या अर्ध्या लढाईची आठवण देत उभा आहे. येत्या पावसाळ्यापूर्वी त्यातले जितके पुन्हा सुरू होतील, तितके शेतकरी भाड्याच्या आणि हप्त्याच्या तगाद्यातून मोकळे होतील. कामाला आरंभ तेथूनच करावा.